राजकारण्यांवरचे शिक्के : कोल्हापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

'अमका तसलाच आहे', 'तमका कार्यसम्राट आहे' अशी वाक्यं बिंदू चौकापासून तालमीच्या कट्ट्यापर्यंत रोज ऐकू येतात. ती कुठून येतात, खरी किती, आणि कायदा त्यात कुठं बसतो, यावर येत राहणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रतिमा आणि शिक्का, दोन्ही एकच ना?

नाही. एखाद्या नेत्याबद्दल डोक्यात साठलेलं सगळं म्हणजे प्रतिमा. त्याचा आवाज, कपडे, गाडी, लग्नाला आला का, फोन उचलतो का, कोणाच्या मयताला खांदा दिला, हे सगळं त्यात येतं. ती हळूहळू तयार होते आणि तिच्यात परस्परविरोधी गोष्टी सुखानं नांदतात. शिक्का म्हणजे त्यातला एकच तुकडा उचलून केलेला एक शब्द : 'चाणक्य', 'गद्दार', 'कार्यसम्राट', 'मितभाषी'. शिक्क्याचा फायदा असा की तो मथळ्यात मावतो आणि तोटाही तोच. 'किंगमेकर' म्हटलं की त्या माणसानं गेल्या दोन निवडणुकांत किती जागा घालवल्या हे कोणी मोजत बसत नाही.

२. ही बिरुदं देतं कोण?

चार ठिकाणांहून येतात : समाज किंवा संघटना, कार्यकर्ते, विरोधक आणि पेपरातला डेस्क, म्हणजे बातम्या तपासून त्यांना मथळे देणारा विभाग.

पहिल्या प्रकाराचं मोठं उदाहरण आपल्याच गावचं आहे. शाहू महाराजांना 'राजर्षी' ही पदवी १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजाच्या परिषदेत देण्यात आली. म्हणजे ५० टक्के आरक्षणाचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा निघून जवळपास सतरा वर्षं झाली होती. काम आधी, बिरुद नंतर. याच महाराजांवर वेदोक्त प्रकरणात, म्हणजे त्यांचे विधी वैदिक मंत्रांनी करायचे का या वादात, पुण्यातल्या वृत्तपत्रांतून कडक टीका झाली होती. आज तो टीकेचा सूर अभ्यासकांनाच ठाऊक आहे आणि 'राजर्षी' शाळेच्या पोरालाही. वृत्तपत्राचं बळ महाराजांना चांगलं उमगलं होतं, हे १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक' पाक्षिकाला त्यांनी केलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवरून दिसतं. वल्लभभाई पटेलांचं 'सरदार'ही तसंच, १९२८ च्या बारडोली सत्याग्रहातून आलेलं.

दुसरा प्रकार डिजिटल फलकावरचा. तिथं क्रम उलटा असतो : बिरुद आधी, काम जमलं तर नंतर. (फलक कसा वाचायचा ते प्रश्न १० मध्ये.) विरोधकांचे शिक्के ओळखायला सोपे असतात, कारण ते अपमानाचे असतात. सगळ्यात अवघड डेस्कवरचे. ते तटस्थ वाटतात आणि रोज छापले जातात. त्यांच्यासाठी प्रश्न ५ पाहा.

३. साहेब, दादा, आप्पा, बंटी, मुन्ना ही तर घरची नावं. त्यांनाही शिक्का म्हणायचं का?

म्हणायला हवं, आणि तोही सगळ्यात जड शिक्का. 'महादेवराव महाडिक' हे नाव आहे, 'आप्पा' हे नातं आहे. नात्यातल्या माणसाला हिशेब विचारायला जीभ रेटत नाही. 'बंटी' म्हटलं की काँग्रेसचे नेते सतेज पाटील पेठेतले वाटतात, 'मुन्ना' म्हटलं की धनंजय महाडिक दोस्त वाटतात. बातमीत घरगुती नाव आलं की वाचकाचा सूर आपोआप मऊ होतो. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारा पत्रकार बातमीत पूर्ण नाव आणि पद घालतो, 'दादा' अवतरणातल्या कार्यकर्त्याच्या तोंडी ठेवतो.

एक चाचणी करून बघा. कुठल्याही वाक्यातलं 'दादांनी' काढून 'आमदारांनी' घाला. 'दादांनी रस्ता दिला' याचं 'आमदारांनी रस्ता दिला' झालं, की पुढचा प्रश्न लगेच सुचतो : कुठल्या निधीतून?

४. एकाच माणसाला एक पेपर 'सहकारमहर्षी' लिहितो, दुसरा 'साखरसम्राट'. खरं कोणतं?

दोन्ही शब्द एकाच वस्तुस्थितीकडे बोट दाखवतात : कारखाना त्याच्या हातात आहे. 'महर्षी'त त्यानं तो उभा केला असं गृहीत आहे, 'सम्राट'मध्ये तो सोडत नाही असं. वारणानगरच्या तात्यासाहेब कोरेंच्या नावामागं 'सहकारमहर्षी' आणि रत्नाप्पाण्णा कुंभारांच्या मागं 'देशभक्त' इतकं घट्ट बसलं आहे की त्याशिवाय नाव अर्धवट वाटतं. मात्र तीच उपाधी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतल्या वारसाला आपोआप लागू होत नाही. संस्था उभी करणं आणि आयती मिळालेली चालवणं ही वेगळी कामं आहेत.

अशा जोड्या भरपूर आहेत. मुत्सद्दी आणि कावेबाज. ठाम आणि हेकट. लोकांत मिसळणारा आणि गर्दीचा भुकेला. गट बदलला तर 'स्वगृही परतले' किंवा 'टोपी फिरवली'. जोडीतला दुसरा शब्द आठवला की पहिल्याची धार कळते.

५. साध्या बातमीत शिक्का नेमका कुठं बसवलेला असतो?

मथळ्यात तीन जागी : कर्ता, क्रियापद आणि जे वगळलं ते. एक काल्पनिक प्रसंग घेऊ. पालिकेच्या सभेत एका नगरसेविकेनं टँकरच्या खेपांचा हिशेब मागितला, आवाज चढले, सभा पंधरा मिनिटं तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी तीन मथळे :

'पाणीप्रश्नी नगरसेविका आक्रमक; प्रशासन धारेवर'
'नगरसेविकेच्या गोंधळामुळे सभा तहकूब'
'टँकरच्या हिशेबावरून सभागृहात खडाजंगी'

तिन्ही खरे आहेत. पहिल्यात ती लढवय्यी आहे. दुसऱ्यात ती अडथळा आहे, आणि 'मुळे' या एका प्रत्ययानं तहकुबीचं खापर तिच्या माथी फुटलं. तिसऱ्यात कर्ताच गायब, भांडण जणू आपलं आपण झालं. आणि हिशेब मिळाला का, खेपा किती निघाल्या, हे तिन्ही मथळ्यांत नाही. बहुतेक वेळा ते बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असतं. म्हणून आमचा सल्ला असतो की बातमी शेवटून वर वाचा.

क्रियापदांची यादी लहान आहे, पाठ करून ठेवावी. 'सांगितलं' हे सपाट. 'स्पष्ट केलं' म्हटलं की आधी गैरसमज दुसऱ्यांचा होता. 'दावा केला' म्हटलं की वार्ताहराचा विश्वास नाही. 'कबूल केलं' म्हटलं की काहीतरी दडवलेलं होतं. 'खडे बोल सुनावले' म्हटलं की सुनावणारा मोठा. एकाच पेपरात एका गटाचा नेता सतत 'स्पष्ट करतो' आणि दुसऱ्याचा सतत 'दावा करतो', असं महिनाभर दिसलं तर त्या पेपराचा कल वेगळा शोधायची गरज नाही.

'राजकीय वर्तुळात चर्चा' हा शब्दप्रयोग आला की थांबा. ती चर्चा किती जणांत झाली हे कधीच छापलं जात नाही, दोघांत झाली तरी ते वर्तुळच.

६. बायकांना लावलेले शिक्के वेगळे असतात का?

असतात, आणि ठरलेले असतात. पुरुष 'आक्रमक' असतो तिथं ती 'रणरागिणी' किंवा 'आक्रस्ताळी', मधलं काही नाही. ओळख करून देताना 'अमक्यांची सून', 'तमक्यांच्या सौभाग्यवती'. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून महिलांना निम्म्या जागा आहेत, पण 'सरपंच पती' आणि 'नगरसेवक पती' ही पदं बोलण्यात अजून जिवंत आहेत. कधीकधी तो शिक्का खराही असतो, कारभार नवराच बघतो. ते तपासायचा साधा मार्ग म्हणजे सभेचं इतिवृत्त. तिनं किती विषयांवर मत नोंदवलं, किती ठरावांची सूचक ती होती, हे त्यात लिहिलेलं असतं आणि माहिती अधिकारात मिळतं. ते न बघता शिक्का मारणं हा आळस आहे.

७. ढपला, कारभारी, पैरा, जोडण्या हे शब्द बाहेरच्यांना कळत नाहीत. ते शिक्केच ना?

शिक्केच, आणि फार कामाचे. 'ढपला पाडला' म्हणजे सार्वजनिक कामातून स्वतःचा वाटा कापून घेतला. 'भ्रष्टाचार' म्हटलं की पुरावा मागितला जातो, 'ढपला' म्हटलं की लोक हसतात. इथंच मेख आहे : हसण्यावारी गेलेला आरोप सिद्धही करावा लागत नाही आणि नाकारावाही लागत नाही. 'कारभारी' म्हणजे पद असो-नसो, सूत्रं ज्याच्या हातात तो. 'पैरा' मूळचा शेतातला : आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या. राजकारणात 'पैरा फेडला' म्हटलं की पक्ष वेगळा असूनही केलेली मदत एकदम रास्त वाटायला लागते, कारण पैरा न फेडणारा गावात नालायक ठरतो. 'जोडण्या लावणं' म्हणजे पडद्यामागची जमवाजमव. यातला कुठलाही शब्द बातमीत दिसला की त्याजागी साधं वाक्य घालून बघा : कोणी, कोणाला, किती रुपयांचं, कुठल्या कामात. जागा भरता आल्या तर बातमी, नाही तर गप्पा.

८. 'आमचं ठरलंय'सारखी घोषणा निवडणूक जिंकून देते का?

ज्यांनी ती दिली त्यांच्याच निवडणुका ओळीनं ठेवल्या की उत्तर मिळतं. २०१९ च्या लोकसभेला सतेज पाटील गटानं 'आमचं ठरलंय' म्हणत आपल्याच काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या उमेदवाराविरुद्ध, म्हणजे धनंजय महाडिकांविरुद्ध, ताकद लावली. शिवसेनेचे संजय मंडलिक २ लाख ७० हजारांवर मतांनी निवडून आले. २०२१ ला गोकुळ दूध संघात सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या पॅनेलनं २१ पैकी १७ जागा घेतल्या. मग २०२३ ला राजाराम साखर कारखान्याच्या निवडणुकीत 'कंडका पाडायचा', म्हणजे एकदाचा निकाल लावायचा, ही घोषणा आली. चहाच्या गाड्यावर, रील्समध्ये, लग्नाच्या वरातीत सगळीकडे तीच. सत्ता मात्र महाडिक गटाकडेच राहिली.

घोषणा त्याच धाटणीची, तोंडही तेच, निकाल वेगळा. कारण मतदार वेगळे. लोकसभेला लाखो लोक मत देतात, तिथं घोषणा कुंपणावरच्या माणसाला धीर देते की आपण एकटे नाही. गोकुळला मतदान करतात ठरावधारक, म्हणजे दूध संस्थांनी ठराव करून पाठवलेले प्रतिनिधी, साडेतीन हजारांच्या आसपास. तिथं प्रत्येक ठराव कोणाच्या खिशात हे नेत्यांना नावानिशी माहीत असतं, घोषणा फक्त जल्लोषाला. कारखान्याला सभासद, आणि त्याचा प्रश्न एकच : ऊस कधी जाणार आणि दर काय. घोषणा किती गाजली यावरून निकाल सांगणाऱ्यांनी मतदारयादी आधी बघावी.

२०२४ च्या लोकसभेला काँग्रेसनं कोल्हापूरच्या गादीचे वारस शाहू छत्रपती यांना उभं केलं, तेव्हा विरोधकांकडून 'मान गादीला, मत मोदीला' ही घोषणा आली. ती कारागिरी म्हणून हुशार होती, कारण शाहू छत्रपतींवर टीका न करता त्यांच्यापासून मत वेगळं काढायचा तो प्रयत्न होता. पण त्यात 'गादीला मान' हे विरोधकांनीच मान्य करून टाकलं होतं. शाहू छत्रपती दीड लाखांवर मतांनी जिंकले. विरोधक घोषणेमुळं हरले असं आम्ही म्हणणार नाही. एवढंच की समोरच्याचा शिक्का आपल्या घोषणेत घेतला की त्याची जाहिरात आपल्या खर्चानं होते.

९. आरोप खोटा निघाला तरी शिक्का पुसत का नाही?

दोन कारणं संशोधनानं दाखवली आहेत. एक, पुनरावृत्ती. वारंवार ऐकलेलं वाक्य खरं वाटू लागतं, हे हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी १९७७ मध्येच प्रयोगानं दाखवलं. दोन, खुलासा वाचून पटला तरी आधीची माहिती डोक्यात काम करत राहते, कारण तिच्या जागी दुसरं स्पष्टीकरण मिळालेलं नसतं.

त्यामुळं 'मी ढपलेबाज नाही' हा सर्वांत वाईट खुलासा. त्यात शिक्का पुन्हा एकदा, तोही स्वतःच्या तोंडून, छापून येतो. चालणारा खुलासा असा असतो : आधी खरी गोष्ट (काम किती रुपयांचं, निविदा कोणाची, बिल कधी निघालं), मग एकदाच चुकीचा उल्लेख, आणि पुन्हा खरी गोष्ट. शिक्क्याऐवजी लोकांना धरायला काहीतरी द्यावं लागतं.

१०. चौकातला डिजिटल फलक वाचून काय कळतं?

पेपरापेक्षा जास्त कळतं. वरच्या ओळीत छत्रपती शिवाजी महाराज, राजर्षी शाहू, डॉ. आंबेडकर. त्याखाली राज्याचे नेते, मग जिल्ह्याचे, मग ज्याचा वाढदिवस तो, सगळ्यात मोठा. तळाला टपालतिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग आणि 'शुभेच्छुक'. कोणाचा चेहरा गेल्या वर्षीपेक्षा लहान झाला, कोण गळालं, दोन गटांचे नेते एकाच फलकावर आले का, हे बघा. पक्षांतराची बातमी फलकावर आधी लागते. बिरुदाकडं फार लक्ष देऊ नका. 'युवा हृदयसम्राट' हा शब्द डिझाइन करणाऱ्याच्या संगणकात तयार असतो, फक्त नाव बदलतं.

निवडणूक काळात मात्र एक बारीक ओळ शोधा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७ अ प्रमाणं प्रचाराच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अपवाद : फक्त सभेची तारीख, वेळ, ठिकाण सांगणारं पत्रक यातून सुटतं. निनावी बदनामीचं पत्रक मतदानाच्या आदल्या रात्री दाराखालून सरकवतात, ते याच कलमात बसतं. तक्रार आचारसंहितेच्या काळात 'सी-व्हिजिल' ॲपवर करता येते. फोटो त्याच ॲपमधून जागेवर काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. 

११. चेहऱ्यावरून मत ठरतं म्हणतात. खरंच?

काही प्रमाणात. टोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना अमेरिकी सिनेटच्या अनोळखी उमेदवारांचे फोटो सेकंदभर दाखवले आणि अधिक सक्षम कोण वाटतो ते विचारलं. जो चेहरा सक्षम वाटला तो सुमारे ७० टक्के लढतींत विजेता होता. पण हे अनोळखी चेहऱ्यांबद्दल आहे. आपल्याकडं उमेदवार, त्याचा चुलता आणि चुलत्याची जमीन सगळं माहीत असतं, तिथं चेहऱ्याचा वाटा घटतो.

पेपरातल्या फोटोची निवड मात्र इथंही चालते. भाषणात दर सेकंदाला तोंड वेगळं होतं. बोट उगारलेला, डोळे मिटलेला, रिकाम्या खुर्च्या मागं आलेला, असा कुठलाही फोटो खोटा नसतो आणि कुठलाही पुरेसा नसतो. गर्दीचा फोटो असेल तर कॅमेरा किती उंचीवर आहे ते बघा. खालून काढला की शंभर माणसांचा समुद्र होतो.

१२. केनेडी-निक्सनची गोष्ट खरी का? रेडिओवर निक्सन जिंकले, टीव्हीवर केनेडी?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या या दोन उमेदवारांचा जाहीर वाद झाला हे खरं : २६ सप्टेंबर १९६०, शिकागो. रेडिओ-टीव्हीचा तो फरक मात्र एका लहान सर्वेक्षणावर उभा आहे, आणि रेडिओ ऐकणारे आधीच कोणाकडं झुकलेले होते ते त्यात वेगळं काढलेलं नव्हतं. पुढं २००३ मध्ये ड्रकमन यांनी तोच वाद काहींना दाखवून, काहींना ऐकवून प्रयोग केला, तेव्हा चित्राचा परिणाम दिसला. म्हणजे निष्कर्ष बरा, पुरावा म्हणून सांगितली जाणारी गोष्ट कच्ची. व्याख्यानात ही गोष्ट सांगताना एवढं जोडा.

१३. मी पेपर वाचून मत बनवत नाही. मग माझ्यावर परिणाम कसा होईल?

माध्यमांचा परिणाम दुसऱ्यांवर होतो, माझ्यावर नाही, असं बहुतेकांना वाटतं. डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये या समजुतीला 'तिसऱ्या माणसाचा परिणाम' असं नाव दिलं. काय विचार करायचा हे पेपर सांगत नसेल, पण कशाबद्दल करायचा हे तोच ठरवतो. मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपेल हिल गावातल्या १०० अनिश्चित मतदारांशी बोलून हे ताडलं होतं. आपल्याकडं महिनाभर 'थेट पाइपलाइनचं श्रेय कोणाचं' हीच चर्चा चालली, की नेत्याला आपण श्रेयाच्या तराजूत तोलतो. त्या पाइपलाइननं येणारं काळम्मावाडी धरणाचं पाणी आपल्या नळाला किती वेळ येतं हा प्रश्न मागं पडतो. पेपर न वाचणाराही कट्ट्यावर त्याच विषयावर भांडतो.

१४. पेड न्यूज ओळखायची कशी?

पेड न्यूज म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेला प्रचार. तिच्या पाच खुणा. वार्ताहराचं नाव नाही. आकडा नाही, तारीख नाही, विशेषणं मात्र वाक्यागणिक. विरोधी उमेदवाराचा उल्लेखच नाही. एकाच पानावर दोन उमेदवारांच्या दोन बातम्या आणि दोघांचाही विजय निश्चित. आणि पक्की खूण : तोच मजकूर, तोच स्वल्पविराम, दुसऱ्या पेपरात.

तक्रार जिल्हा माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समितीकडे द्यायची. कात्रण मूळ पानासकट ठेवा, नुसतं कापलेलं चालवून घेऊ नका. तारीख, आवृत्ती, पान क्रमांक दिसला पाहिजे. समितीला तथ्य वाटलं तर निवडणूक निर्णय अधिकारी ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस देतो, उमेदवाराला उत्तराला ४८ तास मिळतात. ठरलं तर त्या जागेचा जाहिरातदरानं खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरतात. विधानसभेला मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो.

खरंच कोणावर कारवाई होते का, हा पुढचा प्रश्न असतो. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना अशाच मजकुराचा खर्च लपवल्याबद्दल निवडणूक आयोगानं २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. उदाहरणं थोडी आहेत. देणारा आणि घेणारा दोघंही पावती ठेवत नाहीत, हे मुख्य कारण.

निवडणूक नसताना अशा मजकुराची किंवा चुकीच्या बातमीची तक्रार भारतीय प्रेस कौन्सिलकडे होते. आधी संपादकाला लेखी कळवावं लागतं, आणि दैनिक-साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची मुदत असते. संपादकाला पत्रच न लिहिल्यामुळं तक्रारी परत येतात. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही, आणि टीव्ही तिच्या कक्षेत नाही.

१५. 'गुंड', 'चोर', 'गद्दार' म्हटलं तर बदनामीचा खटला होतो का?

शब्दाला नव्हे, आरोपाला होतो. 'गद्दार' हे राजकीय मत मानता येतं. 'अमक्या कामात इतके लाख खाल्ले' हे वस्तुस्थितीचं विधान आहे आणि ते सिद्ध करावं लागतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ (जुन्या भारतीय दंड विधानाची कलमं ४९९-५००) दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा सांगतं. सार्वजनिक हिताचं सत्य आणि लोकसेवकाच्या कामावरचं सद्भावनेनं दिलेलं मत याला अपवाद आहे.

निवडणुकीत वेगळं हत्यार आहे. उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्यानं, प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं विधान प्रसिद्ध केलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात. बहुतेक याचिका 'संमती' सिद्ध करताना अडखळतात.

शिक्का थेट अडवल्याचंही उदाहरण आहे. २०१७ मध्ये गुजरातमध्ये भाजपच्या जाहिरातीतला 'पप्पू' हा शब्द तिथल्या माध्यम समितीनं अवमानकारक म्हणून काढायला लावला. पण ती समिती जाहिरात तपासते. चौकातल्या भाषणात किंवा व्हॉट्सॲपवर तोच शब्द मोकाट फिरत राहिला.

१६. 'त्याच्यावर बारा गुन्हे आहेत' हे ऐकलं की काय तपासायचं?

उमेदवाराचं नमुना २६ चं शपथपत्र. आयोगाच्या संकेतस्थळावर आणि 'नो युवर कॅन्डिडेट' ॲपवर ते मिळतं. प्रलंबित प्रकरणं आणि दोषसिद्धी वेगवेगळ्या रकान्यांत असतात, ते एकत्र मोजू नका. मग कलमं वाचा. ऊसदरासाठी किंवा टोलविरोधी आंदोलनात रस्ता अडवला म्हणून दाखल झालेले गुन्हे आणि खंडणीचे गुन्हे यांचा आकडा सारखा, अर्थ वेगळा. आपल्या जिल्ह्यात आंदोलनाशिवाय मोठा झालेला नेता विरळा, त्यामुळं नुसता आकडा फार फसवतो. उलटही होतं : गंभीर गुन्ह्याला 'राजकीय सूडातून' असं लेबल लावून आंदोलनाच्या ढिगात मिसळतात. दोषारोप निश्चित झालेत का, हा रकाना त्यासाठी बघायचा.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर असे गुन्हे उमेदवारानं पेपर आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावे लागतात. माघारीनंतर पहिल्या चार दिवसांत, मग पाचव्या ते आठव्या दिवशी, मग नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. ते बारीक अक्षरात आतल्या पानावर येतं. शोधा म्हणजे सापडतं.

१७. एआयनं बनवलेली क्लिप आली तर?

पुढं पाठवू नका, हटवू पण नका. लिंक आणि वेळ नोंदवून तक्रार करा. मे २०२४ मध्ये आयोगानं पक्षांना बजावलं की असा मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढावा. अडचण उलट बाजूनंही येते : खरी क्लिप अंगाशी आली की 'एआय आहे' असं म्हणून हात झटकतात. तेव्हा सभा कुठं झाली, आणखी कोणी चित्रण केलं का, तेच वाक्य दुसऱ्या कोनातून मिळतं का, हे शोधावं.

१८. टोपणनावच मतपत्रिकेवर छापून घेता येतं का? आणि सारख्या नावाचा डमी उभा केला तर?

लोक ज्या नावानं ओळखतात ते नाव हवं असेल तर उमेदवारांची अंतिम यादी तयार होण्याआधी लेखी मागणी करावी लागते. पदवी किंवा उपाधी जोडता येते, पण नावांचा क्रम लावताना ती धरत नाहीत. म्हणजे 'ॲडव्होकेट' लावून 'अ'मध्ये वर चढता येत नाही.

सारख्या नावांच्या उमेदवारांत व्यवसाय, पत्ता किंवा इतर काही जोडून फरक करतात, आणि २०१५ पासून यंत्रावरच्या मतपत्रिकेत फोटोही असतो. त्याआधी काय होत होतं ते रायगडनं २०१४ ला पाहिलं. सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. फोटो आल्यानं धोका घटला, संपला नाही, कारण म्हाताऱ्या मतदाराला कार्यकर्त्यानं सांगितलेलं असतं ते नाव आणि चिन्ह. म्हणून पोलचिटवर, म्हणजे मतदाराला देतात त्या चिठ्ठीवर, नावापेक्षा यंत्रावरचा अनुक्रमांक मोठ्या अक्षरात छापून घ्या.